गावातले निवृत्तांचे मंडळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचे मंडळ गोव्यातल्या फोंडा तालुक्यातले. डिचोली, पेडणे, सत्तरी, सांगे अशा ठिकाणची माणसे अधूनमधून येतात, एक दुपार बसून बघतात आणि जाताना विचारतात, "आमच्या गावात हे चालेल का?" त्यांच्या नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे इथे एकत्र लिहिली आहेत. आमच्याकडे जे चालले तेच सगळीकडे चालेल असे नाही, पण सुरुवात करायला एवढे पुरे व्हावे.

हे मंडळ म्हणजे नेमके काय? ज्येष्ठ नागरिक संघटना तर आधीच आहेत.

संघटना पेन्शन, सवलती, हक्क यांच्यासाठी झगडतात आणि त्या हव्यातच. आमचा प्रश्न साधा आहे: नोकरी संपली, मुले आपापल्या वाटेला लागली, आता सोमवारी दुपारी चार वाजता माणसाने कुठे जायचे? आम्ही आठवड्यातून दोनदा जमतो, एकमेकांना काही शिकवतो, चहा घेतो, गप्पा मारतो आणि दिवेलागणीच्या आत घरी पोचतो.

कल्पना आमची नव्हे. फ्रान्समधल्या तुलूझ विद्यापीठात पिएर व्हेलास या प्राध्यापकांनी १९७३ साली उतारवयातल्या लोकांसाठी वर्ग सुरू केले. ते विद्यापीठाने चालवलेले, प्राध्यापकांनी शिकवलेले वर्ग होते. १९८२च्या सुमारास ही कल्पना ब्रिटनमध्ये पोचली तेव्हा केंब्रिजच्या मंडळींनी ती उलटी केली: सभासदच शिकवणार, सभासदच शिकणार, ना परीक्षा ना पदवी. आम्ही ही दुसरी वाट धरली. गोव्यात व्याख्याता मिळणे अवघड नाही. पण दर वेळी नुसते समोर बसून ऐकायला लावले की माणूस दोन-तीनदा येतो आणि मग त्याचे गुडघे दुखू लागतात. ज्याच्यावर काही काम सोपवले आहे, तो गुडघे दुखत असले तरी येतो. या पानावरची बाकीची सगळी उत्तरे याच एका अनुभवातून निघाली आहेत.

सभासद कोण होऊ शकते? नोकरीतून निवृत्त झालेलेच का?

मुळीच नाही. आमच्यात शाळामास्तर आहेत, बँकेतले आहेत, खाणीवर काम केलेले आहेत, आयुष्य बोटीवर घालवलेले तारवटी आहेत, कुळागर म्हणजे नारळी-पोफळीची बाग सांभाळणारे आहेत. आणि ज्यांनी जन्मभर घर चालवले त्या बायका आहेत. "मी कुठे नोकरीला होते?" असे त्या पहिल्या दिवशी हमखास म्हणतात. घरकामातून निवृत्तीचा आदेश कुणालाच मिळत नाही, म्हणून तर त्यांना ही हक्काची दुपार जास्त हवी. वयाची अट आम्ही पंचावन्न ठेवली आहे. कायद्याने ज्येष्ठ नागरिक साठीनंतर, पण लवकर निवृत्त झालेले आणि लवकर एकटे पडलेले बाहेर राहू नयेत.

मला काही शिकवता येत नाही. मी येऊन काय करू?

हे सगळ्यांत जास्त विचारले जाते, आणि विचारणाऱ्याकडेच बहुधा सगळ्यांत जास्त असते.

आमच्याकडे एक काकी यायच्या. कोपऱ्यातली खुर्ची धरून बसायच्या, विचारले की मान हलवायच्या. पौष महिन्यात कुणीतरी धालोचा, म्हणजे बायका मांडावर जमून गातात-नाचतात त्याचा, विषय काढला आणि त्या आपोआप गुणगुणू लागल्या. लहानपणी आईबरोबर मांडावर जाऊन ऐकलेली गाणी त्यांना एकामागून एक येत होती. आमचे एक निवृत्त मास्तर वही घेऊन शेजारी बसले. एक ओळ त्यांनी कानाला जरा सुधारून, शाळेच्या मराठीत उतरवली आणि वाचून दाखवली. काकींनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "तशें न्हय मास्तर. हांव म्हणटां तशेंच बरय." मास्तरांनी ओळ खोडली आणि म्हटली तशी लिहिली. त्यानंतर दर गुरुवारी दोघे बसू लागले, आणि काकी कोपऱ्यातून उठून पहिल्या रांगेत आल्या.

म्हणून नव्या सभासदाला आम्ही "काय शिकवाल?" असे विचारत नाही. "रोज काय करत होता?" असे विचारतो. वीज खात्यातल्या लाइनमनने बिल कसे वाचायचे आणि पावसाळ्यात घरातली कुठली जोडणी तपासून घ्यायची ते सांगितले. कुळागरवाल्याने मिरीची वेल माडतीवर, म्हणजे पोफळीवर, कशी चढवायची ते झाडाशी नेऊन दाखवले. नर्स होत्या त्या रक्तदाब नीट कसा मोजायचा ते शिकवतात: पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकून, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून, तोंड बंद ठेवून. बहुतेक जण गप्पा मारत मोजतात आणि आकडा बघून घाबरतात.

कुठले विषय खरोखर चालतात?

जमीनजुमल्याचे कागद. हा विषय ठेवला की खुर्च्या कमी पडतात. गोव्यात घराघरांत पोर्तुगीज काळातले दस्तऐवज ट्रंकेत पडलेले आहेत आणि नातवंडांना त्यातले अक्षर लागत नाही. मुक्तीपूर्वी पोर्तुगीज शाळेत किंवा लिसेवात शिकलेली माणसे अजून आपल्यात आहेत, पण १९६१ला जे पंधरा वर्षांचे होते ते आज ऐंशीच्या घरात आहेत. ती गाठता येतात तोवर त्यांच्याकडून कागद वाचून घ्यावेत, निदान कोणता कागद कशाचा एवढे तरी पाकिटावर लिहून ठेवावे. त्यासोबत एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला सातबारासारखा जमिनीचा उतारा) आज कुणाची नावे आहेत तेही बघावे. कित्येक घरांत आजोबांचेच नाव अजून तिथे असते.

मृत्युपत्राबद्दल बोलताना मात्र जाणकार वकील बोलवा. गोव्याची पद्धत वेगळी आहे. १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेले वारशाचे नियम आता गोव्याच्या २०१२च्या वारसा कायद्यात आहेत. लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता साधारणपणे समाईक धरली जाते, आणि मुले असतील तर माणसाला आपल्या वाट्यातला निम्माच भाग मृत्युपत्राने मनाजोगता देता येतो. मुंबई-पुण्याचे नातेवाईक मायेने सल्ला देतात, पण तो तिथल्या कायद्याचा असतो.

भजन चालते, अर्थातच. इथे प्रत्येक वाड्यावर पेटी आणि पखवाज जाणणारा कुणी ना कुणी सापडतो. फक्त जे रोज देवळात गातात त्यांनीच इथेही गायचे असे होऊ देऊ नका. ज्यांनी जन्मात तोंड उघडले नाही त्यांना सुरात आणणे हा इथला खरा वर्ग.

वर्तमानपत्राचे सामूहिक वाचन, बुद्धिबळ, शिवण, पुस्तकांची देवघेव हे सगळे चालते. आरोग्यावरची व्याख्याने महिन्यातून एकापेक्षा जास्त ठेवू नका. दर वेळी साखर, सांधे आणि हृदय ऐकून माणूस बरा होत नाही, खचतो.

शिकवणाऱ्याला मानधन द्यायचे का?

सभासदाला नाही. बाहेरून आलेल्या पाहुण्याला येण्याजाण्याचे भाडे जरूर द्या. शाल-श्रीफळाचा सोहळा टाळा, त्यातच अर्धा तास जातो.

जागा कुठे घ्यावी?

पहिला विचार देवळाच्या सभागृहाचा येतो. जागा मोठी, पंखे आहेत, भाडे नाही. तरीही आम्ही ती घेतली नाही. देऊळ महाजनांचे, म्हणजे ठरावीक घराण्यांचे, असते आणि गावातल्या प्रत्येकाला तिथे सारख्याच मोकळेपणाने पाय ठेवता येतो असे आपण समजू नये. शेजारच्या वाड्यावरच्या ख्रिस्ती मंडळींनाही संकोच वाटतो, आणि त्यांच्याशिवाय गोव्यातले गाव पुरे होत नाही. पंचायतीचे सभागृह, वाचनालय किंवा दुपारनंतर रिकामी होणारी शाळा बघा.

जागा ठरवण्याआधी शौचालयात स्वतः जाऊन या. कमोड नसेल आणि धरायला दांडा नसेल, तर अर्धी माणसे येणार नाहीत आणि का येत नाहीत हे तुम्हाला कधीही सांगणार नाहीत. घरून निघण्याआधी पाणी पिणे बंद करतील, किंवा सरळ येणेच बंद करतील. आम्ही पहिल्या वर्गणीतून दांडे बसवले. त्याहून चांगला खर्च नंतर कुठलाच झाला नाही.

दुसरे म्हणजे पायऱ्या. जांभ्याच्या पायऱ्यांवर जूनपासून शेवाळ धरते. घासून घ्या, कठडा लावा, किंवा तळमजल्यावरचीच जागा घ्या.

वेळ कोणती ठेवावी?

चार ते सहा. सकाळी मासळी, स्वयंपाक, नातवंडांची शाळा. दुपारी वामकुक्षी, ती मोडायला गोव्यात कुणी तयार होत नाही. सातनंतर आडगावच्या बसगाड्या विरळ होतात. वार एकदा ठरला की बदलू नका. चतुर्थीला आठवडाभर सुट्टी, गावच्या जत्रेला आणि चर्चच्या फेस्ताला सुट्टी, बाकी वर्षभर दार उघडे.

पावसाळ्यात बंद ठेवायचे का?

बंद ठेवू नका. वर्षाला तीनएक हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक या चार महिन्यांत, आणि एकटी राहणारी माणसे सगळ्यांत जास्त कोंडली जातात ती याच दिवसांत. ने-आण वाटून घ्या: ज्याच्याकडे गाडी आहे त्याने वाटेवरच्या दोघांना घ्यायचे. छप्पर पत्र्याचे असेल तर मोठ्या सरीत शब्द ऐकू येत नाही, तेव्हा जूनपासून व्याख्यान नको. हाताने करायची कामे, पत्ते, शिवण, वाचन ठेवा.

कामकाज कोणत्या भाषेत?

बोलणे कोकणीत होते, वही मराठीत लिहिली जाते, जुने कागद पोर्तुगीजमध्ये, फोन इंग्रजीत. कुणालाही "अमक्याच भाषेत बोला" असे सांगायचे नाही, हा आमचा लेखी नियम आहे. भाषेच्या वादात या पिढीने तारुण्य घातले आहे आणि प्रत्येकाचे मत पक्के आहे. त्याचा मान ठेवून इथे कामाला लागावे.

नोंदणी करावीच लागते का?

पहिले वर्ष नाही. माणसे टिकतात का ते आधी बघा. बँकेत मंडळाच्या नावाने खाते हवे झाले किंवा देणगी येऊ लागली की १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदणी करा. किमान सात जण लागतात, सोबत उद्देशपत्र आणि नियमावली. काम जिल्हा निबंधकांच्या कार्यालयातून होते. नंतर दरवर्षी सर्वसाधारण सभा घेऊन कार्यकारिणीची यादी दाखल करायची असते, आणि नेमके हेच लोक विसरतात. मंडळाचे पॅन कार्ड वेगळे काढा. खात्यावर दोघांच्या सह्या ठेवा, आणि ते दोघे एकाच घरातले नकोत.

वर्गणी किती असावी?

ज्याला सगळ्यांत जड जाईल त्याला झेपेल एवढी. आम्ही महिन्याला पन्नास रुपये घेतो. ज्याला तेही जमत नाही त्याचे नाव फक्त खजिनदाराला ठाऊक असते. हिशेबाची वही टेबलावर उघडी असते. कुणीही चाळावी.

आमदार, पंच मदत करायला तयार आहेत. घ्यावी का?

पंचायतीकडून जागा घ्या, कारण ती गावाची आहे. खुर्च्या, पंखे, सहलीची बस कुणा एकाच्या नावाने घेऊ नका. आज बस आली की उद्या सभेला माणसे मागितली जातात आणि मंडळाचे दोन तट पडतात. गावातल्या निवडणुकीच्या महिन्यात आम्ही राजकारणाचा विषयच बंद ठेवतो. हा नियम सगळ्यांना मान्य आहे, कारण घरी जाऊन राजकारणावर भरपूर बोलता येते.

बायका येत नाहीत, किंवा येऊन चहाच करत राहतात. काय करावे?

चहाची पाळी लावा आणि त्यात पुरुषांची नावे आधी लिहा. आमच्याकडचे एक भाई, बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते, त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा वीस जणांचा चहा मंडळात केला. आता आले कुठल्या दुकानातले चांगले यावर ते अधिकाराने बोलतात. खाणे साधे ठेवा: एका दिवशी भाजीपाव, एका दिवशी गूळपोहे. घरून डबे करून आणायची प्रथा पडू देऊ नका. त्यात चढाओढ लागते, आणि जिला जमत नाही ती यायचे टाळते.

कार्यकारिणीत निम्म्या बायका असाव्यात आणि खजिनदारपद त्यांच्याकडे द्यावे, असे माझे मत आहे. तुटपुंज्या पैशांत घर चालवलेल्या बाईइतका हिशेब कुणालाच कळत नाही.

मोबाइल शिकवायला कुठून सुरुवात करावी?

प्रत्येकाने स्वतःचाच फोन आणायचा, आणि एका दिवशी एकच गोष्ट. अक्षर मोठे करणे हा पहिला दिवस. बोलून मराठी लिहिणे हा दुसरा. बसगाडी, डॉक्टर, पैसे हे त्यानंतर. शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याचा फोन हातात घ्यायचा नाही. मुले-नातवंडे तेच करतात, फोन ओढून घेतात, पटकन करून देतात, आणि आजोबा होते तिथेच राहतात. पायऱ्या कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहून घ्यायच्या.

फसवणुकीवर वेगळा दिवस ठेवा आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा ठेवा. पोलीस व्हिडिओ कॉलवर कुणाला अटक करत नाहीत, "डिजिटल अटक" असली गोष्ट आपल्या कायद्यात नाही. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, ताबडतोब १९३० वर फोन करा. पहिल्या तासात कळवले तर रक्कम वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त. आम्ही कॉलची नक्कल करून दाखवतो. एक जण पोलीस होतो, दुसरा घाबरलेला माणूस. फोन कट करायचा सराव खरोखर करावा लागतो, कारण आपल्या पिढीला समोरच्याचे बोलणे तोडणे असभ्य वाटते.

पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी मंडळ मदत करू शकते का?

हे काम तर कराच. नोव्हेंबरमध्ये दोन दुपारी राखून ठेवा. ऐंशी पूर्ण झालेल्यांना एक ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. ज्यांच्या पेन्शन कार्यालयाला जीवन प्रमाणचा डिजिटल दाखला चालतो, त्यांना फोनच्या कॅमेऱ्याने चेहरा दाखवूनही तो काढता येतो. याचा खरा उपयोग कुणाला होतो ते आमच्या एका बाईंनी दाखवले. जन्मभर सुपारी सोलून आणि भांडी घासून त्यांच्या बोटांच्या रेषा पुसल्या होत्या. यंत्रावर एकेक बोट ठेवायच्या, ते लाल दिवा दाखवायचे, त्या बोट पदराला पुसून पुन्हा ठेवायच्या. चेहऱ्याने मात्र लगेच झाले. उजेड समोरून हवा, चष्मा काढायचा, आणि सांगितले की डोळे मिटून उघडायचे.

त्याच दुपारी सत्तरी ओलांडलेल्यांचे आयुष्मान कार्डही बघून घ्या. ऑक्टोबर २०२४पासून सत्तर आणि त्यावरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असले तरी, कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण त्यात आहे.

काहींना कमी ऐकू येते. ते हळूहळू यायचे थांबतात.

खुर्च्या गोलात मांडा, म्हणजे बोलणाऱ्याचे तोंड दिसते. आवाज करणारा पंखा बंद करा. एका वेळी एकानेच बोलायचे. ओरडू नका, सावकाश बोला. ज्याला ऐकू येत नाही तो बाकीचे हसतात तेव्हा हसतो आणि ते गप्प असतात तेव्हा गप्प राहतो, म्हणून त्यांना वाटते सगळे ठीक आहे.

भांडणे होतात का?

होतात, आणि बहुतेक व्हॉट्सअ‍ॅपवर होतात. ग्रुपवर फक्त सूचना टाकायची मुभा ठेवा. सुप्रभातची फुलेसुद्धा नकोत. पदांवरून भांडण नको असेल तर अध्यक्ष दोन वर्षांनी बदलायचाच, कितीही चांगला असला तरी.

एखादा सभासद गोष्टी विसरू लागला तर?

त्याला येऊ द्या. तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला तर तिसऱ्यांदा उत्तर द्या. पैशांचे काम काढून घ्या, पण दुसरे काम लगेच हातात द्या: खुर्च्या मांडणे, आरतीला टाळ धरणे, पेपर वाटणे. घरच्यांचा नंबर वहीत ठेवा आणि घरापर्यंत सोबत कोण जाणार ते ठरवा. घरच्या माणसालाही त्या दोन तासांची विश्रांती मिळते, हे लक्षात असू द्या.

मुले आखातात किंवा लंडनला, घरी एकटेच. मंडळ काय करते?

आमच्याकडे सकाळच्या फोनाची जोडी आहे. दोघांनी एकमेकांना नऊच्या आत एकदा फोन करायचा. फोन उचलला नाही तर जवळचा सभासद दारापर्यंत जातो. शेजाऱ्याकडे किल्ली असावी असा आमचा आग्रह असतो. फ्रिजवर औषधांची यादी, रक्तगट, मुलांचे नंबर, रुग्णवाहिकेचा १०८ आणि ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा मदत क्रमांक मोठ्या अक्षरात चिकटवायचा.

कुणी गेले तर त्या दिवशी मंडळ भरवावे का?

भरवावे. त्या दिवशी माणसांना एकत्र बसायची गरज जास्त असते. गेलेल्याने मंडळात जे शिकवले होते तेच त्या दुपारी घ्यावे, भाषणे नकोत. आणि मागे राहिलेल्या जोडीदाराला महिन्याने जाऊन बोलवावे, पुन्हा दुसऱ्या महिन्याने. तेराव्यानंतर घर रिकामे होते.

सहली काढता का?

वर्षातून दोन, त्याही अर्ध्या दिवसाच्या. पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयाची सहल चांगली होते. मूळ ग्रंथालय १८३२चे, लिफ्ट आहे, बसायला जागा आहे, आणि जुनी वर्तमानपत्रे बघताना माणसे तासभर हलत नाहीत.

सुरू करायला किती माणसे हवीत, आणि कधी करावे?

सहा जण पुरे, पण ते सहाही वेगवेगळ्या वाड्यांवरचे असू द्या. चतुर्थी उरकली, पाऊस ओसरला की ऑक्टोबरात सुरू करा. एक ऑक्टोबर हा ज्येष्ठांचा आंतरराष्ट्रीय दिवस, पंचायत त्या दिवशी जागा द्यायला नाही म्हणत नाही. उद्घाटन, फीत, भाषण काही ठेवू नका. सहा जणांनी पहिल्या दुपारी आपापले एकेक काम सांगायचे आणि दुसऱ्या भेटीला प्रत्येकाने एकाला सोबत आणायचे. त्याआधी आमच्याकडे बघायला यायचे असेल तर सोमवारी किंवा गुरुवारी चारला या. घरातला एखादा जुना कागद असेल तर तो सोबत आणा, वाचणारे बसलेले असतात.